फुप्पी बोलिंगला, बाबा बॅटिंगला

बेसबॉल मी आयुष्यात कधी खेळले नाही. मैदानावर जाऊन पाहिलाही नाही, आणि गुडघ्यांची आताची अवस्था बघता पाहीन असं वाटत नाही. तरी लहानपणातला सगळ्यात मोठा सामना कुठला असं नातवंडांनी विचारलं की मी बेसबॉलचाच सांगते. त्या सामन्यात आमचे पुण्याचे काका खेळले, दोन आत्या खेळल्या, कर्वेनगरच्या शेजारीण गोखलेकाकू खेळल्या आणि आमचे बाबा खेळले, आणि त्यातलं कुणीही बसल्या जागेवरून उठलं नव्हतं. आजीचं डोकं फिरलंय असं पोरांना वाटतं. माझं डोकं जागेवर आहे. खेळ कॉम्प्युटरवरचा होता, एवढंच.

आम्ही तेव्हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये राहायचो. नावात पार्क असलं तरी पुढे गोदामं, मागे कारखाने आणि मधे आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा, असा तो भाग. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बिल्डिंग रिकामी व्हायची. सगळे आपापल्या गावी. लिफ्टमधली बाई आपली एकटीच ‘डोअर्स क्लोझिंग’ म्हणत वरखाली करायची. मागे राहायचे ते कसली तरी अडचण असलेले. त्या वर्षी वरच्या मजल्यावरचा फैझान राहिला, कारण त्याच्या शबाना फुप्पी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कराचीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि त्यांना सोडून कोण कुठे जाणार. जोएल राहिला, कारण त्याची आई नर्स होती आणि तिला रजा मिळाली नव्हती. आणि आम्ही राहिलो, कारण बाबांची नोकरी गेली होती.

बाबा पॅकेजिंगच्या एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम बघायचे. एका संध्याकाळी घरी आले, बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले आणि आईला म्हणाले, “खलास.” आमच्या घरात हा शब्द तोवर फक्त भाजी संपली की वापरला जायचा. तिथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही तर शाळा, घर, मित्र, सगळं गुंडाळून पुण्याला जावं लागणार हे आम्हालाही कळत होतं. बाबांनी मुलांपासून काही लपवलं नाही. लपवलं ते काकांपासून. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमच्या घराण्यातलं कर्तबगार माणूस. स्वतःचा बंगला, स्वतःचं वर्कशॉप. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा आणि बाबा म्हणायचे, “जाम काम आहे रे दादा ऑफिसात. यंदा यायला जमेलसं दिसत नाही.” फोन ठेवल्यावर बाबा तो उलटा करून टेबलावर ठेवायचे आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसत आणि अर्ज पाठवत. दुपारी शेवटचा अर्ज गेला की लॅपटॉप आमचा. त्यावर फैझानच्या ह्यूस्टनच्या चुलतभावाने पाठवलेला तो बेसबॉल होता. त्यात चित्र नाही, आवाज नाही. स्पेसबार दाबला की चेंडू टाकला जायचा आणि काय झालं ते इंग्रजीत एका ओळीत उमटायचं. पण खेळाडू आपले आपण बनवता यायचे. नाव द्यायचं आणि पुढे गुण भरायचे: ताकद, वेग, नेम, दम, संयम, सगळे शंभरपैकी. आम्हाला अमेरिकेतले खेळाडू एकही ठाऊक नव्हते. मग काय, ज्यांना ओळखत होतो त्यांनाच घेतलं. माझा संघ कर्वेनगर कमांडोज, त्यात सगळे आपले नातेवाईक. फैझानचा संघ नाझिमाबाद नवाब, त्यात त्याचे. जोएलच्या कोट्टायम कोब्राजमध्ये चर्चमधले सगळे अंकल. माझा धाकटा भाऊ ओम याने मात्र डायनॉसॉर घेतले. नातेवाईकच घ्यायचे असा नियम आम्ही केलाच नव्हता, त्यामुळे काही बोलता येईना. “टी-रेक्स हॅज शॉर्ट आर्म्स, सो फिल्डिंग झीरो,” असं त्याने प्रामाणिकपणे भरलं आणि त्याचा संघ अखेरपर्यंत तळाला राहिला.

गुण भरायला आमच्या घरी सभा भरली. आपल्या माणसाला किती गुण ते बाकीच्या मालकांना पटवून द्यायला लागायचं. आई मेथी निवडत बसली होती आणि कुणी न विचारता तीच अध्यक्ष झाली होती. काकांना ताकद पंचाण्णव मिळाली, कारण त्यांनी बंगला बांधला. हे कारण बेसबॉलला कसं लागू पडतं असं कुणी विचारलं नाही. शबाना फुप्पींना नेम नव्व्याण्णव मिळाला, आणि त्यावर तर वादच नव्हता. फैझान किल्ली विसरून खाली गेला की फुप्पी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून किल्ली टाकत आणि ती थेट त्याच्या ओंजळीत पडे. “पर उनका दम कम है,” फैझान म्हणाला. “घुटने की वजह से.” दम तीस. मग बाबांची पाळी आली. ताकद बेतास बात, वेग त्याहून कमी. संयमाच्या रकान्यापाशी मी थांबले, तशी आई मान वर न करता म्हणाली, “अठ्ठ्याण्णव घाल.”

“का?” जोएलने विचारलं.

“शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आजवर एकदाही हॉर्न वाजवला नाहीये ह्यांनी,” आई म्हणाली. “डाळिंब सोलायला दिलं तर दीड तास घेतात, पण एक दाणा फुटत नाही. मी दोन गुण कापलेत ते माझ्या माहेरच्यांच्या बाबतीत.”

आता आमची घोडचूक सांगते. आम्ही सगळे क्रिकेटवाले. क्रिकेटमध्ये चेंडू सोडला की त्याचं काही मिळत नाही, त्यामुळे सोडणारा माणूस आमच्या लेखी भित्रा. त्या खेळात प्रत्येक बॅट्समनसाठी एक पट्टी होती, एका टोकाला ‘प्रत्येक चेंडू मार’ आणि दुसऱ्या टोकाला ‘थांबून बघ’. आम्ही सगळ्यांच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी ‘मार’वर नेऊन ठेवल्या आणि परत कधी तिकडे पाहिलं नाही. संयमाचे गुण मग त्या पट्टीखाली दबून गेले. ही अक्कल आम्हाला नंतर आली. तेव्हा एवढंच दिसत होतं की काका छक्के मारताहेत आणि बाबा दर वेळी बाद होताहेत.

दुपारच्या त्या मॅचेस मला अजून ऐकू येतात. एसीची घरघर, बाहेर एखाद्या ट्रकचं रिव्हर्स घेतानाचं पिंपिं, मधेच अजान, आणि स्वयंपाकघरात फोडणीचा चर्र आवाज. आदल्या दिवशीचे उरलेले खुबूस, म्हणजे तिथल्या जाड रोट्या, आई कुस्करून कांदा-शेंगदाणे घालून फोडणीला टाकायची, पोळीच्या चुऱ्यासारख्या. फैझान ते इतकं खायचा की फुप्पींनी वर बोलावून आईकडून कृती घेतली आणि त्यात खिमा घातला. पुढे पन्नाशीत मी तो प्रकार ठाण्यात करून पाहिला. जमला नाही, कारण खुबूसच मिळाले नाहीत.

बाबा आधी दुरून बघायचे. मग खुर्ची जवळ आली. मग आईला प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगू लागले, आणि त्यांना स्वतःला नीट कळलेलं नसल्यामुळे फार आत्मविश्वासाने सांगायचे. मागच्या बाजूला मारलेला चेंडू फुकट जातो हे कळल्यावर त्यांना खरंच राग आला. “इतका सुंदर लेट कट, आणि धाव नाही? हा कसला खेळ?” पण स्वतःची पाळी आली की ते गप्प व्हायचे. स्पेसबार दाबायचा, ओळ उमटायची: बाद. पुन्हा: बाद. एकदा मी चोरून त्यांचा चेहरा पाहिला. सकाळी ईमेल उघडताना असायचा तोच होता. एरवी मी हसले असते, पण त्या दिवशी मी घाईघाईने पुढच्या बॅट्समनसाठी स्पेसबार दाबला.

कोब्राजना हरवून आम्ही अंतिम सामन्यात आलो, नवाबांविरुद्ध. आदल्या दिवशी जेवताना ओमने विषय काढला. “दीदी, यू हॅव टू ड्रॉप बाबा. ही इज द वर्स्ट इन द लीग. इव्हन माय स्टेगोसॉरस इज बेटर.”

मी ताटात बघत राहिले. खरं म्हणजे मला तेच करायचं होतं. गोखलेकाकूंचे यजमान बाकावर बसून होते आणि त्यांचे गुण बरे होते.

“बरोबर आहे त्याचं,” बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, आमटी वाढून घेता घेता. “कर ड्रॉप. वाईट वाटून घेऊ नकोस. मला आता सवय झालीय.”

ओमलाही काहीतरी चुकलं हे कळलं, कारण तो एकदम मराठीत “सॉरी बाबा, चुकलं” म्हणाला.

आईने आमटीची वाटी खाली ठेवली. “कुणीही कुणाला काढायचं नाही,” ती म्हणाली. “मैत्रेयी, तो लॅपटॉप आण इकडे. तू ह्यांना नक्की करायला काय लावतेस ते मला दाखव.”

मी पट्टी दाखवली. आईने चष्मा लावला आणि ते टोक वाचलं.

“प्रत्येक चेंडू मार?” तिने विचारलं. “ह्यांना? अगं, ह्या माणसाने आयुष्यात कधी घाईघाईने काही केलंय का? मला होकार द्यायला पाच महिने लावले होते. संयमाचे एवढे गुण मी काय लोणचं घालायला दिले? ने ती पट्टी तिकडे.”

“आई, मग ते नुसते उभेच राहतील.”

“राहू दे उभे.”

मी पट्टी ‘थांबून बघ’वर नेली. मनात म्हटलं, गेला सामना.

अंतिम सामना आमच्या हॉलमध्ये, टीव्हीला लॅपटॉप जोडून. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. फैझानबरोबर शबाना फुप्पी आल्या, सोफ्याच्या मधोमध बसल्या, उशी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “चलो बेटा, मेरी बोलिंग दिखाओ.” त्यांना पिचिंग वगैरे शब्द मान्य नव्हते. आणि काय त्यांची बोलिंग. आत्या बाद, दुसऱ्या आत्या बाद, काका बाद. प्रत्येक वेळी फुप्पी आईकडे वळून “माफ करना बहन” म्हणत आणि खिचडीचा चमचा तोंडात घालत. मग बाबा आले. पहिल्या खेपेला त्यांनी तीन चांगले चेंडू लागोपाठ नुसते पाहिले आणि बाद झाले. ओमने डोळे झाकून घेतले. पण पुढच्या वेळी बाबा काही न करता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, जाऊन पोचले.

“ये चीटिंग है,” फैझान म्हणाला. “अंकलने तो बॅट हिलाया भी नहीं.”

जोएलने पहिल्यांदाच नियम मोठ्याने वाचून दाखवले. तीन चांगले चेंडू सोडले तर बॅट्समन बाद, पण चार चेंडू वाईट पडले आणि त्याने ते मारले नाहीत, तर त्याला पहिला बेस फुकट. तिन्ही बेसवर आपली माणसं असतील तर सगळी एकेक पुढे सरकतात आणि धाव मिळते. आम्ही अख्खा मोसम हे न वाचता खेळलो होतो. बाबांनी नियम दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत, आणि बॅटिंग आमची. फुप्पींच्या नावापुढे लाल खूण लागली होती. दम संपला. फैझानच्या बाकावर त्याचा ताज्या दमाचा चुलतभाऊ बसला होता. फैझानचं बोट त्या नावावर गेलं आणि थांबलं.

“क्या हुआ?” फुप्पींनी विचारलं.

“कुछ नहीं फुप्पी. वो… कॉम्प्युटर बोल रहा है आप थक गई हो.”

“मैं?” फुप्पी म्हणाल्या. “मैं थक गई हूँ?”

“नहीं फुप्पी,” फैझान म्हणाला आणि त्याने बोट काढून घेतलं. सोफ्यावर बसलेल्या आत्याला मैदानातून बाहेर कोण काढणार? आम्ही कुणीच काढलं नसतं. लाल खूण तशीच राहिली, आणि फुप्पींचे चेंडू भलतीकडे पडू लागले. मात्र सवयीने सगळे आडवेतिडवे मारतच होते, त्यामुळे तिघं बेसवर पोचले तरी दोन बादही झाले. दुसरे बाद झाले ते काका. तिन्ही बेस भरलेले असताना त्यांनी डोक्यावरून जाणारा चेंडू मारायचा प्रयत्न केला. घराण्याचा आधारस्तंभ असा गेला, आणि पुढे बाबा.

एक वाईट चेंडू. एक चांगला. पुन्हा वाईट, पुन्हा चांगला, पुन्हा वाईट. आता आणखी एक चांगला पडला तर बाबा बाद, वाईट पडला तर आम्ही जिंकलो. मी स्पेसबारवर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी बिल्डिंगचा फायर अलार्म किंचाळायला लागला.

आमच्या बिल्डिंगचा अलार्म कुणी पापड भाजला तरी वाजायचा, पण नातूर, म्हणजे रखवालदार रहीमभाई, फार शिस्तीचा. दारं बडवत “यल्ला, यल्ला, सब नीचे” ओरडत तो निघाला. आम्ही लॅपटॉप उघडा ठेवूनच उचलला, जोएलने चार्जर धरला, आईने खिचडीचं पातेलं घेतलं आणि फुप्पींना दोन्ही बाजूंनी धरून जिने उतरवत खाली पार्किंगमध्ये आणलं. संध्याकाळ झाली होती तरी हवा अंगाला चिकटत होती. उरलेसुरले रहिवासी तिथे घाम पुसत उभे होते. रहीमभाईने विचारलं हे काय, ओमने त्याला सांगितलं, त्याने शेजारच्याला सांगितलं, आणि बघता बघता लॅपटॉप ठेवलेल्या गाडीभोवती घोळका जमला. कुणालाच बेसबॉल कळत नव्हता, पण मॅच अडकली आहे एवढं सगळ्यांना कळलं.

फुप्पी धापा टाकत गाडीला टेकल्या होत्या. मी स्पेसबारकडे हात नेला तशी त्यांनी तो बाजूला सारला. “मेरी बॉल है,” त्या म्हणाल्या, “मैं डालूँगी.”

आणि बाबा? एसीतून बाहेर आल्यामुळे बाबांचा चष्मा पूर्ण धुरकटला होता. रुमाल वरच राहिला. ते घोळक्यात हात बाजूला सोडून ताठ उभे होते आणि त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माझ्या मनात त्या वेळी पुणं नव्हतं, शाळा नव्हती, व्हिसा नव्हता. या माणसाला आज कुणी पुन्हा बाद म्हणू नये, एवढं एकच मला हवं होतं. मी देवाला सांगितलं की बदल्यात काकांचे सगळे छक्के घे.

फुप्पींनी बिस्मिल्ला म्हणून स्पेसबार दाबला.

बॉल फोर. चौथा वाईट.

ओम ओरडला, मग जोएल, मग रहीमभाईने टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्या पार्किंगने वाजवल्या. फैझान डोक्याला हात लावून खाली बसला होता, आणि फुप्पी त्याला म्हणत होत्या, “कोई बात नहीं, मैं थक गई थी.”

“काय झालं?” बाबा विचारत होते. चष्मा हातात घेऊन शर्टाला पुसत होते. “अगं मैत्रेयी, काय झालं? बाद झालो का?”

“नाही बाबा. जिंकलो आपण. तुम्ही जिंकून दिलंत.”

“मी? मी काय केलं?”

“काही नाही. नुसते उभे राहिलात.”

बाबांनी चष्मा घातला. तो परत धुरकटला. “एवढंच?” ते म्हणाले.

“एवढंच काय,” आई पातेलं सांभाळत म्हणाली. “इतके दिवस करताय तेच. सोपं आहे का ते?”

बाबांनी आईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि रहीमभाईला खिचडी वाढायला लागले, हातावरच, कारण बशा कुणी आणल्या नव्हत्या.

पुढे नोकरी मिळाली. एका जुन्या सहकाऱ्याने अबू धाबीत शब्द टाकला, पगार आधीपेक्षा कमी होता, आणि आम्ही अल रीम आयलंडच्या एका इवल्याशा फ्लॅटमध्ये गेलो. लीग तिथे संपली. पण ते सगळं बऱ्याच आठवड्यांनी. त्या संध्याकाळी घर तसंच होतं आणि ईमेलही तसंच रिकामं होतं. अलार्म थांबल्यावर आम्ही वर आलो तर टेबलावर बाबांचा फोन वाजत होता. काका.

बाबांनी तो उचलला आणि पहिल्यांदाच स्पीकरवर टाकला. “दादा,” ते म्हणाले, “एक सांगायचंय. माझी नोकरी गेलीय. दोन महिने होत आले. तुला खोटं सांगत होतो. शोधतोय दुसरी.”

काका म्हणाले, “अरे मग फोनवर एवढा खुशीत का वाटतोयस?”

“आत्ताच एक मॅच जिंकून दिली मी. बेसबॉलची. शेवटच्या चेंडूवर.”

“बेसबॉल? तू? काय, मारलास काय चेंडू?”

“मारला नाही. सोडला.”

“चेंडू सोडून कधी कुणी मॅच जिंकतं का रे?”

“जिंकतात,” बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून आरामात बसले. “माझ्या आधी एक जण मारायला गेला होता. नको तो चेंडू मारून बाद झाला. तूच होतास, दादा.”